‘पोचिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न विचारणाऱ्याने चार वाक्यं पाठवली आहेत. एकात वाघाचं पोचिंग आहे, दुसऱ्यात आमदारांचं, तिसऱ्यात पोच्ड एग आणि चौथ्यात एका कंपनीच्या करारातलं पोचिंग. शब्दकोशात ‘चोरटी शिकार’ एवढंच दिलंय, तर या सगळ्यांना पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का, असं त्यांचं विचारणं आहे.

नाही. आणि तसा शब्द घडवायच्या भानगडीतही पडू नका. गेली सव्वीस वर्षं मी इंग्रजीतून मराठी करते आहे. सुरुवातीची आठ वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली, पुढची करारपत्रं, सेवानियम आणि कोर्टाचे कागद यांच्यात. एकदा एका कंपनीचे सेवानियम तपासायला आले. त्यात लिहिलं होतं, ‘नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंत कर्मचाऱ्यास सहकाऱ्यांची चोरटी शिकार करता येणार नाही.’ दोन वर्षांनंतर काय, बंदूक घेऊन यायचं? ज्याने हे केलं तो कामचुकार नव्हता. त्याने कोश पाहिला आणि कोशात होतं ते लिहिलं. त्या वाक्याचं मी शेवटी काय केलं ते खाली सांगते, पण त्यासाठी आधी थोडं मागं जायला हवं.

फ्रेंचमध्ये ‘पोश’ म्हणजे पिशवी किंवा खिसा. उकळायच्या जवळपास आलेल्या पाण्यात अंडं फोडून सोडलं की पांढरं बलकाभोवती गुंडाळलं जातं, जणू बलक पिशवीत घातलाय. स्वयंपाकातला ‘पोच’ इथून आला. शिकारीतल्या ‘पोच’बद्दल मात्र कोशकारांचं एकमत नाही. काही म्हणतात, तोही पिशवीतलाच, म्हणजे दुसऱ्याचा ससा मारून पिशवीत टाकणारा. काही त्याचा संबंध टोचणे, खुपसणे, ढकलणे अशा अर्थाच्या दुसऱ्या फ्रेंच क्रियापदाशी जोडतात. त्याच खुपसण्यातून आलेला आणखी एक अर्थ इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहे. ओल्या कुरणात गुरांच्या खुरांनी राड झाली की ते कुरण ‘पोच्ड’ झालं असं म्हणतात. शेतीवरचा मजकूर हातात आला आणि ‘पोच्ड’ जमीन दिसली, तर तिथे कोणी चोरी केलेली नाही हे लक्षात ठेवा.

आता शिकारीच्या अर्थाकडे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकून घेतल्यावर नॉर्मन राजांनी तिथली मोठमोठी रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली. तिथलं हरीण राजाचं. ते मारणाऱ्याचे डोळे काढण्यापर्यंत, अवयव तोडण्यापर्यंत शिक्षा होत्या. १२१७ च्या वनसनदेत, हरीण मारलं म्हणून यापुढे कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, असं राजाला लिहून द्यावं लागलं. पुढे १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क ठरावीक जमीन-उत्पन्न असणाऱ्यांपुरता ठेवला. साधारण वर्षाला शंभर पौंडांचं उत्पन्न देणारी स्वतःची जमीन हवी. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या शेतातला कोबी खाणारा ससासुद्धा त्याला मारता येत नव्हता. १७२३ मध्ये तर चेहऱ्याला काळं फासून, हत्यार घेऊन हरणाच्या रानात शिरणाऱ्याला फाशीची तरतूद आली. तो कायदा बऱ्याच अंशी रद्द व्हायला १८२३ साल उजाडलं. रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्धचा १८२८ चा कायदा तिथे आजही अंमलात आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की, या कायद्यांत प्राण्याची दया कुठेच नाही. जहागीरदाराने तोच ससा मारला तर तो खेळ, मजुराच्या पिशवीत सापडला तर गुन्हा. ‘पोचिंग’ हा शब्द मालकाच्या बाजूने बोलतो. खेड्यातल्या लोकांना तो पोचर बरेचदा आपल्यातलाच, थोडाफार शूरसुद्धा वाटत असे. पुढे हा शब्द माणसांना, मतांना, माशांना, चेंडूला जिथे जिथे लागला, तिथे तिथे ‘हे माझं राखीव होतं, तू उचललंस’ ही तक्रार त्याच्याबरोबर गेली. म्हणून भाषांतर करण्याआधी विचारायचं ते एवढंच, की ही तक्रार कोण करतंय आणि वस्तू खरंच त्याची आहे का. उत्तरानुसार मराठी शब्द बदलतो.

वाघाच्या वाक्यापासून सुरू करू. आपल्याकडेही संस्थानिकांची राखीव शिकारीची रानं होती. कोल्हापूरच्या महाराजांचं दाजीपूर हे त्यातलंच. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. पण १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने चित्र बदललं. कलम ९ प्रमाणे कायद्याच्या यादीतल्या प्राण्यांच्या शिकारीवरच बंदी आहे. राजा असो की मजूर, सगळ्यांना सारखी. कलम २ च्या सोळाव्या खंडात ‘शिकार’ची व्याख्या आहे आणि ती आपल्या रोजच्या समजुतीपेक्षा फार रुंद आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, विष घालणं, फास लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेसुद्धा.

त्यामुळे भारतातल्या बातमीत वाघाच्या पोचिंगला नुसतं ‘शिकार’ म्हणा, पुरतं. ‘अवैध शिकार’ वाचलं की मला ‘बेकायदा खून’ आठवतो. अर्थात थोडी जागा त्या शब्दालाही आहे. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक एखादं जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं म्हणून मारण्याची परवानगी देऊ शकतात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा शब्दांवरून बराच वाद झाला. मारण्याचा आदेश होता, मारण्याची पद्धत वादात होती. अशा ठिकाणी ‘शिकार’ लिहिलं तरी आपण निकाल दिल्यासारखं होतं आणि ‘ठार केलं’ लिहिलं की नुसती घटना राहते. मी दुसरं लिहीन.

‘चोरटी शिकार’ मला आवडतो, कानाला मराठी आहे. पण ‘तस्करी’ त्याच्या जागी घालू नका. शिकार करणारा एक, कातडी-नखं पुढे पोचवणारा दुसरा, विकणारा तिसरा. कोर्टात हे वेगळे आरोपी असतात आणि त्यांच्यावरची कलमंही वेगळी असू शकतात. ‘अँटी-पोचिंग कॅम्प’ला शब्दशः काही करू नका, मेळघाटात वनरक्षक ज्या चौकीत राहून गस्त घालतात तिला वन विभाग ‘संरक्षण कुटी’ म्हणतो. सुरेख शब्द आहे, तयार आहे, आणि तरी दर वर्षी कोणीतरी ‘शिकारविरोधी शिबिर’ लिहितंच. शिबिर म्हटलं की मला सतरंज्या आणि अल्पोपाहार दिसतो.

आणि एक चूक माझ्या स्वतःच्या खात्यावर. डेस्कवरच्या दुसऱ्याच वर्षी मी मथळा दिला होता, ‘हरणाच्या शिकारप्रकरणी दोन पारधी जेरबंद’. माझ्या डोक्यात पारध म्हणजे शिकार आणि पारधी म्हणजे शिकारी, शाळेच्या कवितेतला. पकडलेले दोघं पारधी समाजाचे नव्हतेच. आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘बाई, आमची जात गुन्ह्याचं नाव नाही.’ ते कार्ड मी अजून ठेवलंय. फासेपारध्यांच्या नावातच फास आहे, वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावून ससे-तित्तर पकडणं हा त्यांचा पिढीजात धंदा होता, हे खरं. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने माणसांना जन्मापासून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, पुढे पारध्यांनाही त्यात ओढलं आणि तो शिक्का कागदावरून जायला १९५२ साल लागलं. लोकांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. ‘पोचर’साठी ‘पारधी’ हा शब्द बातमीत, अहवालात, आरोपपत्रात कधीही वापरू नका, मग तो जुन्या कोशात का असेना.

समुद्रात हाच शब्द वेगळा वागतो. मालवणकडे परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओरबाडून नेतात, अशी तिथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. इंग्रजी बातमीत कधी ते ‘पोचिंग’ होतं. तिथे ‘चोरटी शिकार’ लिहिलं तर मालवणचा माणूस हसेल. तो ‘घुसखोरी’ म्हणतो आणि तोच शब्द बरोबर आहे, कारण बारा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे आणि त्यासाठी १९८१ चा कायदा आहे. मासा मारणं हा गुन्हा नाही. कोणी, कुठे, कशाने मारला यावर सगळं ठरतं.

पण हाच ‘घुसखोरी’ शब्द पाल्कच्या सामुद्रधुनीवरच्या बातमीत डोळे मिटून टाकू नका. भारत आणि श्रीलंका यांनी १९७४ आणि १९७६ च्या करारांनी तिथली सागरी सीमा ठरवली. रामेश्वरमचा कोळी म्हणतो, आजोबांपासून आम्ही इथेच जाळं टाकतोय. श्रीलंकेचं नौदल त्याच बोटीला पोचिंग ट्रॉलर म्हणतं, आणि जाफनाचा तमीळ कोळी, ज्याची जाळी या ट्रॉलरांनी फाटतात, तोही तेच म्हणतो. वृत्तसंस्थेची बातमी कोलंबोहून आलीय की चेन्नईहून, ते आधी पाहावं. मी अशा वेळी ‘सागरी हद्द ओलांडून मासेमारी’ लिहिते आणि ‘घुसखोरी’ ज्याच्या तोंडची असेल त्याच्या अवतरणात ठेवते.

आता एक जागा अशी, जिथे शिकारीचा आणि स्वयंपाकाचा असे दोन्ही पोच समोरासमोर येतात. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी लोक उकरून न्यायचे, खायचे, विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. या कामावरचा एक इंग्रजी अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात ‘पोच्ड टर्टल एग्ज’ असे तीनच शब्द होते आणि आधीच्या एका भाषांतरात त्याचं ‘कासवाची पाण्यात शिजवलेली अंडी’ झालं होतं. गंमत अशी की खाणाऱ्यांनी शिजवलीही असतील! मी ‘चोरून नेलेली अंडी’ केलं. ‘शिकार’ कायद्याने चालली असती, पण अंड्याची शिकार मराठी वाचकाला पचत नाही. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरून पाकोळी पक्ष्यांची घरटी नेली जायची, तिथेही ‘घरट्यांची चोरी’ हेच लिहावं.

ताटातल्या अंड्याचं उत्तर सोपं आहे: ‘पोच्ड एग’ तसंच ठेवा. नाश्त्याच्या यादीत ‘शिकार केलेली अंडी’ मी एका हॉटेलात डोळ्यांनी पाहिली आहेत, यंत्राची करामत. फक्त ‘पोच एग’ लिहिताना जपा. आपल्याकडे पोच म्हणजे पावती, आणि ‘त्याला काही पोच नाही’ म्हणजे अक्कल नाही. शिवाय कोलकात्यात ‘डिमेर पोच’ मागितलं तर ते बहुतेक तव्यावर तेलात केलेलं येतं, आपलं हाफ फ्राय. कृती लिहायची असेल तर मात्र नावावर भागत नाही, क्रिया सांगावी लागते. ‘उकडणे’ चुकीचं, कारण कवच नाही. ‘उकळणे’ त्याहून चुकीचं, कारण पाणी खदखदलं की पांढऱ्याच्या चिंध्या होतात. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर, बुडाशी बारीक बुडबुडे पण वर हालचाल नाही असं, त्यात चमचाभर व्हिनेगर, म्हणजे पांढरं लवकर धरतं, ताजं अंडं आधी वाटीत फोडून मग पाण्याच्या अगदी जवळून सोडायचं, तीन मिनिटं. ‘सोडणे’ हे क्रियापद यात सगळ्यात महत्त्वाचं. वडे तेलात सोडतो, तसं अंडं पाण्यात सोडायचं. आणि हे परकं मानू नका. रस्सा मंद आचेवर ठेवून त्यात थेट अंडी फोडून सोडायची, झाकण ठेवायचं आणि चमचा अजिबात घालायचा नाही, ही अंड्याची आमटी आपल्या कितीतरी घरांत होते. माझी आजी आयुष्यभर पोचिंग करत होती, तिला फक्त सांगितलं नव्हतं कोणी.

टेनिसचं एका परिच्छेदात आटपते. दुहेरीत जाळ्याजवळचा खेळाडू जोडीदाराकडे चाललेला चेंडू मधेच झेपावून मारतो, ते पोचिंग. इथे वस्तू जोडीदाराची, आणि उचलल्याबद्दल शाबासकी मिळते. लिअँडर पेस यात पटाईत. १९९९ ला त्याने आणि महेश भूपतीने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकल्या, तेव्हाच्या बातम्यांत मी ‘मधे झेपावून’ असंच लिहीत होते. त्यापेक्षा जास्त काही नको.

आमदारांच्या बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे, हे मी अभिमानाने सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेलंगणात मोईनाबादच्या फार्महाउसवरचं प्रकरण गाजलं. चार आमदारांना पैशाचं आमिष दाखवल्याच्या आरोपावरून तिघांना अटक झाली. इंग्रजी वृत्तपत्रांत ते ‘एमएलए पोचिंग केस’. त्या शब्दात आमदार हरणासारखा आहे, गरीब, मुकाट, कोणीतरी उचलून नेलेला. मराठीत ‘आमदार फोडला’ म्हणता येतं आणि ‘आमदार फुटला’ही. ‘पळवला’ म्हणता येतं आणि ‘पळाला’ही. क्रियापदाच्या जराशा बदलाने सगळी जबाबदारी इकडची तिकडे जाते. ज्याचा पक्ष गळाला तो ‘फोडले’ म्हणतो, ज्याच्याकडे आले तो ‘स्वतःहून आले’ म्हणतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हाचे अंक काढून पाहा. एकाच दिवशी एका दैनिकात ‘फुटले’, दुसऱ्यात ‘फोडले’, तिसऱ्यात ‘उठाव’ सापडेल, आणि वाचकाला प्रत्येकाचा कल त्यावरून कळत होता. पक्षांतराला आळा घालणारी राज्यघटनेची दहावी अनुसूची १९८५ पासून आहे, तिच्यात हे भावनेचे शब्द नाहीत. तिथे ‘सदस्यत्व स्वेच्छेने सोडून देणे’ आहे, म्हणजे फुटण्याच्या जवळचं. पैशाचा उल्लेख असेल तर ‘घोडेबाजार’, आणि दोन्ही बाजूंनी चालू असेल तर ‘फोडाफोडी’. तुमच्या वाक्यात बोलणारा माणूस विरोधी पक्षनेता आहे, तेव्हा ‘आमचे आमदार फोडण्याचा प्रयत्न’ हेच बसेल.

राहिला कंपनीचा करार. बोलताना आपण म्हणतो, त्यांनी आमची माणसं ओढली, पळवली, गळाला लावली. बातमीला हे चालतं. कराराला नाही, कारण माणूस कंपनीच्या मालकीचा नसतो, आणि ‘पळवणे’ लिहिलं की अपहरणाचं कलम डोळ्यांपुढे येतं. शिवाय कायदाही मालकाच्या बाजूला फारसा झुकलेला नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. ‘सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही’ हे कलम म्हणूनच बहुधा टिकत नाही. कंपन्यांनी आपसात ठरवणं तर आणखी वाईट. अमेरिकेत ॲडोबी, ॲपल, गूगल, इंटेल, इंट्युइट आणि पिक्सार यांनी एकमेकांच्या माणसांना फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. २०१० मध्ये तिथल्या न्याय विभागाने त्यांना ते थांबवायला लावलं, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात यांतल्या चार कंपन्यांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. न झालेल्या पोचिंगमुळे ज्यांचे पगार वाढले नाहीत, ते कर्मचारीच तिथे तक्रारदार होते. हरणाने कोर्टात जाऊन ‘मला का नाही उचललं’ म्हणावं, असं काहीसं.

तेव्हा करारात कृती लिहायची, आरोप नाही. त्या सेवानियमांच्या कागदावर मी असं केलं: ‘नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंत कर्मचाऱ्याने कंपनीतील कोणत्याही व्यक्तीस नोकरी सोडण्यासाठी स्वतः किंवा इतरांमार्फत प्रवृत्त करू नये.’ त्यांच्या कायदा विभागाने त्यात ‘अथवा प्रलोभन दाखवू नये’ एवढं वाढवलं आणि कागद छापायला गेला. तुमच्या चौथ्या वाक्यालाही हेच चालेल. फक्त त्यात मुदत एक वर्षाची आहे, ती बदलून घ्या.